हॉर्न बदलण्याआधी हेडलाइटचा बल्ब लावून बघा

गाडीचा हॉर्न घरी बदलणं सोपं आहे. एक बोल्ट आणि एक-दोन वायरी, एवढाच मामला. पण हॉर्न मुका झाला म्हणजे तोच बिघडला असं धरून चालू नये. वायरीचा सांधा गंजला असेल, तर नवाकोरा हॉर्नही त्या जागी गप्पच राहील.

हॉर्नच्या डबीत तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि तिच्या पोटात लोखंडी गाभा. समोर स्प्रिंग स्टीलचा पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्या मध्यावर लोखंडाचा एक तुकडा बसवलेला असतो, त्याला आर्मेचर म्हणतात. प्रवाह सुरू झाला की गाभा चुंबक होतो, आर्मेचर खेचलं जातं आणि पडदा आत वाकतो. आत जाता जाता आर्मेचर कॉइलच्या वाटेतली पॉइंटची, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या दोन संपर्कांची, जोडी उघडतं. प्रवाह तुटतो, चुंबकत्व जातं, पडदा उसळून मागे येतो आणि पॉइंट पुन्हा मिटतात. विजेच्या घंटेत हेच घडतं, फक्त इथे सेकंदाला चारशे-पाचशे वेळा.

चपट्या, तबकडीसारख्या हॉर्नमध्ये आर्मेचर दर फेरीला गाभ्यावर आपटतं आणि पडद्यापुढची धातूची चकती त्या ठोक्याने निनादते. हा निनाद साधारण २००० ते ३५०० हर्ट्झमध्ये असतो. आपला कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तिखट, म्हणून हा आवाज रहदारीच्या गोंगाटातूनही आरपार जातो. गोगलगायीच्या शंखासारख्या हॉर्नमध्ये चकतीऐवजी वळणदार नळीतली हवा घुमते, त्यामुळे आवाज भरदार येतो. बऱ्याच गाड्यांत दोन हॉर्न असतात, एक खालच्या सुराचा आणि एक वरच्या. ४०० आणि ५०० हर्ट्झची जोडी असेल तर ते प्रमाण ४:५ होतं, म्हणजे सा आणि शुद्ध गंधार. जोडीतला एकच बदलायचा असेल तर गेलेला हॉर्न खालचा की वरचा हे त्याच्यावरची खूण बघून ठरवा. दोन्ही एकाच सुराचे झाले तर आवाज चिरका नाही तर बोदा वाटतो.

एवढ्या वेळा उघडमीट करणारे पॉइंट ठिणग्यांनी झिजतात. ते उघडेच राहिले तर हॉर्न पूर्ण गप्प होतो. चिकटून बसले तर बटण दाबल्यावर एकदाच ‘टक्’ होतं आणि पुढे शांतता, कारण पडदा आत खेचलेलाच राहतो. तेव्हा कॉइलमधून अखंड प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडू शकतो. पाणी शिरून पडदा गंजला की आवाज घोगरा होतो. या तिन्ही गोष्टींवर पक्का उपाय नवा हॉर्न हाच.

आता निदान. चावी चालू करून कोणाला तरी बटण दाबायला सांगा आणि फ्यूज बॉक्सजवळ कान द्या. रिलेचा, म्हणजे बटणाच्या छोट्या प्रवाहावर हॉर्नचा मोठा प्रवाह चालू करणाऱ्या स्विचचा, ‘टिक्’ ऐकू येत नसेल तर आधी हॉर्नचा फ्यूज बघा, मग रिलेच्या जागी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून बघा. काही गाड्यांत हॉर्नला रिले नसतोच, हे लक्षात ठेवा. दोन्ही ठीक असूनही ‘टिक्’ येत नसेल तर दोष बहुधा बटणात किंवा स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीत, म्हणजे क्लॉकस्प्रिंगमध्ये असतो. तिथे घरी हात घालू नये. बटणाच्या मागे एअरबॅग असते, आणि ती चुकून उडाली तर तोंडासमोर स्फोट होतो. हे काम गॅरेजचं.

‘टिक्’ येतो पण हॉर्न वाजत नाही, अशा वेळी बहुतेक जण हॉर्नची वायर काढून तिच्यावर मल्टिमीटर लावतात, १२.४ व्होल्ट दिसतात आणि वायर ठीक आहे असं ठरवून मोकळे होतात. हा निष्कर्ष फसवा आहे. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे वायरीचा एकच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हॉर्नला मात्र साधारण ३ ते ६ अँपिअर लागतात. सांध्यावरच्या गंजाने अर्धा ओहम जरी रोध आणला, तरी ५ अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच गळतात आणि हॉर्न नुसता कण्हतो.

म्हणून वायरीवर खरा भार टाकायचा. त्यासाठी ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब उत्तम, कारण तो साधारण साडेचार अँपिअर घेतो, जवळपास हॉर्नइतकाच. हॉर्नचा कनेक्टर काढून त्या जागी बल्ब जोडा आणि बटण दाबायला लावा. बल्ब काही सेकंदांत चटका देण्याइतका तापतो, तेव्हा तो बुडाशी धरा. लख्ख पेटला तर वायर निर्दोष आणि हॉर्न दोषी. पिवळट, मंद पेटला तर हॉर्न आणायला धावू नका. बल्ब पेटता ठेवूनच त्याच्या टोकांवर मीटर लावा: इंजिन बंद असताना ११.५ व्होल्टच्या वर असेल तर चालेल, ११च्या खाली असेल तर गळती शोधा. ती सहसा अर्थिंगच्या, म्हणजे वायर बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टखाली सापडते. बोल्ट काढून सँडपेपरने धातू चकचकीत केला की काम भागतं.

हॉर्नच गेला असेल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हॉर्न बहुतेक वेळा जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असतो, आणि तापलेल्या इंजिनाचा पंखा अचानक फिरू शकतो. बॅटरीची ऋण वायर आधी काढा. धन आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. जोडताना ऋण शेवटी. पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ते सहसा एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात.

जाळीवरच्या प्लास्टिक क्लिपची मधली खुंटी चपट्या स्क्रू ड्रायव्हरने वर उचला, मगच क्लिप ओढा, नाहीतर ती तुटते. हॉर्नचा बोल्ट सहसा १० किंवा १३ नंबरच्या पान्याने निघतो. नवा हॉर्न त्याच व्होल्टचा आणि तितक्याच अँपिअरचा घ्या. जुन्याला दोन वायरी असतील तर साध्या हॉर्नमध्ये कोणती कुठे याने फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक हॉर्नवर अधिक-उणे छापलेलं असतं, ते पाळा. एकच वायर असेल तर परतीचा प्रवाह बोल्टमधून बॉडीत जातो, तेव्हा बोल्टखालचा रंग खरवडायलाच हवा.

हॉर्न ज्या लवचीक पट्टीवर बसतो ती फेकून तो सरळ बॉडीवर आवळण्याची चूक सर्रास होते. हॉर्नचं सगळं अंग थरथरतं, आणि ती पट्टी त्याला थरथरायला मोकळीक देते. घट्ट जखडला किंवा शेजारच्या पत्र्याला टेकला की आवाज दबतो आणि खडखड येते. शंखाच्या हॉर्नचं तोंड खाली झुकतं ठेवा, म्हणजे पाणी आत साठणार नाही.

जास्त जोराचे दोन हॉर्न लावायचे असतील तर मूळ वायरीवर भार टाकू नका, आणि मोठा फ्यूज तर मुळीच नको. फ्यूज हॉर्नला नव्हे, वायरीला वाचवतो. चार पिनांचा वेगळा रिले बसवा. हॉर्नच्या जुन्या दोन वायरी ८५ आणि ८६ या पिनांना जोडा. वायर एकच असेल तर ती ८६ला लावा आणि ८५ बॉडीला. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज घालून वायर ३० नंबरच्या पिनेवर आणा, आणि ८७वरून दोन्ही हॉर्नना द्या. ही वायर २.५ चौरस मिलिमीटरची असावी. १० अँपिअर वाहत असताना दोन मीटरमध्ये तिच्यात जेमतेम ०.१४ व्होल्ट गळतात, ०.७५च्या वायरीत जवळजवळ अर्धा. रिलेच्या पिना खाली तोंड करून ठेवा.

तपासताना कानात बोळे घाला. आवाजाची पातळी २ मीटरवर मोजतात आणि नियमांत बसणाऱ्या हॉर्नची ती १०५ ते ११८ डेसिबल असते. अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल वाढतात, म्हणजे अर्ध्या मीटरवर बाराएक जास्त. मागच्या बाजूला लाखेने किंवा रंगाने बंद केलेला बारीक स्क्रू दिसेल. तो पॉइंटमधलं अंतर ठरवतो. नव्या हॉर्नवर तो फिरवू नका, कारण कारखान्यात तो प्रवाह मोजून बसवलेला असतो. जुन्या घोगऱ्या हॉर्नवर मात्र फेरीचा आठवा भाग इकडे, आठवा भाग तिकडे करून बघायला हरकत नाही; नुसता ‘टक्’ आला तर बटण लगेच सोडा आणि स्क्रू मागे घ्या.