बोका ट्रेमध्ये सारखा का बसतो? लघवीच्या पिशवीबद्दल आणि तिच्या नसांबद्दल

घाईत असाल तर एवढंच वाचा. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय, ओरडतोय, खालचा भाग सारखा चाटतोय आणि वाळू मात्र कोरडी आहे, तर हा कागद बाजूला ठेवा आणि निघा. रात्र असली तरी निघा. मूत्रमार्ग बंद झालेल्या बोक्याच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, ताणलेली पिशवी फुटू शकते. घरातली पॅरासिटामॉलही देऊ नका. माणसाची ती साधी गोळी मांजराला विष आहे.

बाकीच्यांनी सवडीनं वाचावं. नाशिकमध्ये आमचा दवाखाना छोटाच आहे, पण काउंटरवर एक वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं : "दिवसातून वीसदा ट्रेमध्ये जातो, इन्फेक्शनचं इंजेक्शन द्या." इंजेक्शन देऊन मोकळं होणं आम्हालाही सोपं आहे. तरी आम्ही पुष्कळदा ते देत नाही, आणि मग काही पालक नाराज होऊन जातात. हे पत्रक त्यांच्यासाठी लिहिलं आहे.

मूत्राशय म्हणजे रबरी फुगा नव्हे. त्याची भिंत स्नायूची असते आणि आतून एक नाजूक अस्तर असतं. लघवी साठत असताना हा स्नायू सैल राहतो आणि योग्य वेळी सगळा एकदम आकसतो. ती योग्य वेळ त्याला कळवतात संवेदी नसा, म्हणजे पिशवीकडून मणक्याकडे खबर नेणाऱ्या बारीक तारा. अस्तर ताणलं की त्यातून एटीपी झिरपतो. शाळेत पेशीचं ऊर्जेचं चलन म्हणून शिकलो तोच हा एटीपी, इथे तो निरोप्याचं काम करतो. नसेच्या टोकावर तो टिपणारा एक ग्राही असतो, त्याचं नाव पी-टू-एक्स-थ्री. हा ग्राहीच नसलेले उंदीर २००० साली अभ्यासले गेले, तेव्हा त्यांची पिशवी नेहमीपेक्षा बरीच जास्त भरेपर्यंत त्यांना लघवीची गरजच लागत नव्हती. ताण ओळखणारं आणखी एक प्रथिन आहे, पिएझो-२. त्याचं मूत्राशयातलं काम २०२० मध्ये उलगडलं. पिएझो प्रथिनं शोधणारे आर्डेम पॅटापूटियन आणि मिरचीच्या तिखटाचा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून दिलं गेलं. मिरचीचा इथे काय संबंध, ते पुढे येतंच.

या तारा दोन प्रकारच्या. एका प्रकाराला पातळ आवरण असतं, त्या जलद असतात आणि रोजची "भरली, भरली" ही खबर नेतात. दुसऱ्या उघड्या आणि संथ. निरोगी मांजरात त्या बहुतेक वेळ गप्प असतात. अस्तराला सूज आली की मात्र त्या जाग्या होतात, आणि मग चार चमचे लघवी साठली तरी पिशवी काठोकाठ भरल्याची बोंब मारतात.

खबर कमरेखालच्या मज्जारज्जूतून मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि "सोड" असा हुकूम तिथून खाली येतो. मेंदूतलं हे ठिकाण बॅरिंग्टन या संशोधकानं १९२५ मध्ये मांजरांवरच दाखवून दिलं होतं. पण ही व्यवस्था जन्मतः तयार नसते. पिल्लू पहिले सुमारे तीन आठवडे स्वतःहून नीट लघवी करू शकत नाही. आई त्याचं ढुंगण चाटते, त्या स्पर्शाची खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच पिशवी आकसते. म्हणूनच रस्त्यावर सापडलेलं, डोळे न उघडलेलं पिल्लू घरी आणलंत तर नुसतं दूध पाजून भागत नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं दर वेळी पुसून सू करवावी लागते. गोठ्यात वाढलेल्यांना हे नवं वाटणार नाही. गोमूत्र धरायला बसलेली आजी गाईच्या योनीखालची जागा हलक्या हातानं चोळत राहते आणि गाय मुतते, ते याच जातीचं कसब. कीटोनच्या तपासणीसाठी नमुना घेताना पशुवैद्यही तेच करतात.

आता मिरची. संवेदी नस फक्त खबर नेते असं बरीच वर्षं मानलं जात होतं. पण त्या उघड्या, संथ तारांच्या टोकांशी काही रसायनं भरून ठेवलेली असतात. त्यांतलं एक "सबस्टन्स पी", १९३१ मध्ये सापडलेलं. तार चिडली की वर खबर जाते आणि त्याच वेळी ही रसायनं तिथल्या तिथे पिशवीच्या भिंतीत सांडतात. मग रक्तवाहिन्या सैलावतात, सूज वाढते आणि स्नायू आकसतो. म्हणजे टपाल पोचवणाऱ्यानंच वाटेत घरं पेटवावीत तसं. उंदीर आणि गिनीपिग यांच्या मूत्राशयाच्या पट्ट्यांवर मिरचीतलं, या तारांना चिडवणारं कॅप्सायसिन टाकलं की पट्टी आकसताना दिसते. पुन्हा पुन्हा टाकत राहिलं की तारांतला साठा संपतो, त्या बधिर होतात आणि पट्टी उत्तर देईनाशी होते. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात यावर खूप काम केलं. सगळ्या प्राण्यांत हे थेट आकसणं सारखं नसतं, उंदीर-गिनीपिगांत ते ठळक दिसतं. म्हणून उंदराचं जसंच्या तसं तुमच्या मनीला लावू नका. घरचा पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो, कारण पक्ष्यांच्या तिखटाच्या ग्राहीला कॅप्सायसिन झोंबतच नाही. (त्याला लघवीची पिशवीही नसते, तेव्हा या पत्रकात त्याचं काही काम नाही.)

तर तुमचा बोका. तरुण मांजरांत वीसदा ट्रेमध्ये जाण्यामागे जंतू फार थोड्या वेळा सापडतात. बहुतेकदा अस्तर हुळहुळं झालेलं असतं, संथ तारा जाग्या झालेल्या असतात आणि त्याच सूज वाढवत असतात. सुजेमुळे तारा चिडतात आणि तारांमुळे सूज वाढते. या चक्रात अँटिबायोटिक कुठेच बसत नाही. भीती आणि ताण मात्र बसतात, अगदी मधोमध. आमच्याकडे अशी मांजरं घरात पाहुणे आल्यावर, नवं मांजर आणल्यावर, दिवाळीत आणि गणपतीच्या दिवसांत जास्त येतात. नाशिक ढोलाचा आम्हालाही अभिमान आहे, पण खिडकीखाली पथक तासभर थांबलं की पलंगाखालच्या मांजराचं काय होत असेल ते कल्पूनच पाहा. म्हणून आमच्या चिठ्ठीवर वेदनाशामक असतं, ओलं खाणं असतं, पाण्याच्या दोन-तीन वाट्या वेगवेगळ्या जागी ठेवायला सांगितलेलं असतं आणि "मिरवणुकीच्या दिवशी आतल्या खोलीत, ट्रेसकट" असंही लिहिलेलं असतं. ही शेवटची ओळ वाचून लोक हसतात. आम्ही ती गंभीरपणे लिहितो. वयस्कर मांजर, मधुमेही मांजर आणि कुत्री यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्यात जंतू खरोखर सापडतात, तिथे लघवीची तपासणी करून औषध देतो.

दुसरी तक्रार बिलाची : "अडथळा काढला ना, मग लघवीची नळी आणखी तीन दिवस का ठेवली?" पिशवी फार ताणली गेली की स्नायूपेशींना एकमेकींशी जोडणारे सांधे निखळतात. मग खबर नीट पोचते, हुकूमही येतो, पण स्नायू एकजुटीनं आकसत नाही. तिला रिकामी ठेवून विसावा दिला तर ती बहुतेकदा सावरते. नळी लवकर काढली की पुन्हा भरते, पुन्हा ताणते आणि दुसऱ्यांदा बिल होतं.

पाठीच्या मणक्याला मार बसलेले कुत्रे, विशेषतः लांब पाठीचे डॅशहुंड, हा वेगळाच प्रकार. मार कमरेच्या वर असेल तर पिशवी टणक होते आणि दाबूनही सहज रिकामी होत नाही. मार अगदी खाली, शेपटीजवळ असेल तर ती ढिली पडते आणि थेंब थेंब गळत राहते. दारात शेपटी सापडून ओढली गेलेल्या मांजरांत हे दुसरं रूप दिसतं. वरच्या माराच्या कुत्र्यात काही आठवड्यांनी लघवी "आपोआप" होऊ लागते आणि घरचे पेढे आणतात. पेढे आम्ही खातो, पण खरं सांगायलाच हवं. तुटलेल्या वाटेला वळसा घालून मज्जारज्जूनं स्वतःचा एक आखूड मार्ग काढलेला असतो. मांजरांवरच्या प्रयोगांत अशा वेळी त्या एरवी गप्प असणाऱ्या उघड्या ताराच कारभार हाती घेताना दिसल्या आहेत. या मार्गानं पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून दर सहा ते आठ तासांनी पिशवी रिकामी करून द्यायचं काम चालूच ठेवायचं. हात कुठे आणि किती दाबायचा ते आमच्याकडे येऊन शिका, व्हिडिओ पाहून करू नका.

नाशिककरांना एक वेगळी सूचना. कुत्र्यानं द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्या आणि नंतर लघवी झाली नाही, तर तिथे पिशवीचा दोष नसतो. मूत्रपिंडच बंद पडत असतं. मळ्यातल्या कुत्र्यांचंही हेच. किती खाल्ली त्याचा अंदाज घेऊन लगेच फोन करा, लघवीची वाट पाहू नका.

येताना मोबाइलवर त्याचा बसतानाचा व्हिडिओ घेऊन या. लघवीसाठी कुंथणं आणि शीसाठी कुंथणं घरच्यांना सारखंच दिसतं, आम्हाला पाठ कशी वाकली आहे त्यावरून फरक कळतो. वेळही मोजा. तीन किलोच्या वरचे सस्तन प्राणी, कुत्रा असो की हत्ती, भरलेली पिशवी साधारण २१ सेकंदांत रिकामी करतात, असं २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजलं. थोडे सेकंद इकडे-तिकडे चालतील. पण तुमचा लॅब्राडोर दोन मिनिटं पाय वर करून उभा असेल तर ते आम्हाला सांगा. ट्रेमधल्या वाळूच्या ओल्या गोळ्या आदल्या दिवशी किती होत्या आणि आज किती आहेत, तेही लिहून आणा. पुष्कळशा बारीक गोळ्या म्हणजे पिशवी हुळहुळी आहे. एकही गोळी नसेल तर या पत्रकाचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचा.