अर्ज टाकल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख

परवान्याचा अर्ज टपालाने धाडला की अर्जदाराच्या हाती उरते ती पोस्टाची पावती, आणि तिच्यावरची तारीख असते अर्ज टाकल्याची. मुदत मात्र बहुधा अर्ज पोचल्यापासून मोजली जाते, आणि ती तारीख कार्यालय लिहिते. नागपुरात हा प्रश्न अनोळखी नाही. राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, भारतीय खाण ब्यूरो आणि पेट्रोलियम-स्फोटकांचे परवाने हाताळणारी केंद्रीय यंत्रणा, या तिन्हींची मुख्यालये याच शहरात आहेत.

पोचल्याची तारीख पत्रावरच टिपण्याची आपली रीत जुनी आहे. पेशवेकालीन कागदांवर ‘पै॥ छ’ ही अक्षरे आणि पुढे चांद्र तारीख आढळते. ‘पै’ म्हणजे पैवस्ती, पत्र दाखल झाल्याची नोंद; ‘छ’ ही चांद्र तारखेची खूण. पत्र वाटेत किती दिवस होते, हे त्यावरून अभ्यासकांना आजही काढता येते. सरकारी कार्यालयात टपाल ज्या शाखेत उतरते तिला अजूनही ‘बारनिशी’ म्हणतात, तो शब्दही जुन्या दप्तराचाच.

इंग्रजी अमदानीत या नोंदीला कायद्याच्या गृहीतकाची जोड मिळाली. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ११४ ने, कामकाजाचा नेहमीचा क्रम पाळला गेला असे मानण्याची मुभा न्यायालयाला दिली. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (जनरल क्लॉजेस ॲक्टचे) कलम २७ त्यापुढे गेले: कायद्याने टपालाने बजावायचा कागद बिनचूक पत्त्यावर, पुरेसे टपालशुल्क भरून, रजिस्टर टपालाने पाठवला असेल, तर टपालाच्या नेहमीच्या क्रमाने तो ज्या वेळी मिळाला असता त्या वेळी मिळाला असे धरावे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. गृहीतक खोडता येते, ही त्यातली खरी मेख आहे.

तारखेवर सर्वाधिक भिस्त होती ती खनिजांच्या परवान्यांत. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाच्या कलम ११ नुसार, ज्याचा अर्ज आधी प्राप्त झाला त्याचा विचार आधी होण्याचा हक्क त्याला मिळे. दोन अर्ज एकाच दिवशी आले, तर मात्र अर्जदारांची पात्रता तोलावी लागे. एका दिवसाच्या फरकाने सगळे पालटत असल्यामुळे १९६० च्या खनिज सवलत नियमांत कार्यालयाचेच हात बांधले गेले. पूर्वेक्षणाचा, म्हणजे खनिजाचा शोध घेण्याच्या परवान्याचा, अर्ज समक्ष दिला तर पोच तत्काळ, रजिस्टर टपालाने आला तर त्याच दिवशी, अन्य मार्गाने आला तर तीन दिवसांत द्यायची, आणि तीही ठरलेल्या ‘डी’ नमुन्यात. माझ्या मते आपल्याकडच्या परवाना-नियमांतली ही सर्वांत नेटकी तरतूद होती. २०१५ च्या दुरुस्तीने लिलाव आला आणि ‘आधी येईल त्याला आधी’ हे तत्त्व मागे पडले.

बांधकाम परवानगीत तारखेचे वजन टिकून आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणारी परवानगी दिली गेल्याचे मानले जाते. साहजिकच एकसष्टाव्या दिवशी पहिला वाद निघतो तो ‘मिळाल्यापासून’ या शब्दावर.

अशा वादात एडी कार्ड, म्हणजे रजिस्टर टपालासोबत जाऊन घेणाऱ्याच्या सहीने परत येणारे पोचकार्ड, हुकमी समजले जाई, पण ते पुष्कळदा पुसट शिक्क्याचे, न वाचता येणाऱ्या सहीचे आणि तारखेविना परत येई. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्टच स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. ट्रॅकिंगमध्ये दिसणारी वेळ बटवड्याची असते. आवक क्रमांक पडतो तो बारनिशीत लिफाफा फोडल्यावर, आणि शुक्रवारी सायंकाळी उतरलेल्या टपालावर तो सोमवारीही पडू शकतो.