हर्ट्झ वेगळं, मिलिसेकंद वेगळं

मॉनिटर घ्यायला निघालं की दोन आकडे सगळीकडे ठळक छापलेले दिसतात, १४४ हर्ट्झ आणि १ एमएस, आणि बऱ्याच जणांना वाटतं दोन्हीचा अर्थ एकच, "फास्ट आहे". मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यातल्या एकाच आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, हर्ट्झच्या.

हर्ट्झ म्हणजे रिफ्रेश रेट, स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवीन चित्र दाखवते ते. ६० हर्ट्झला एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद राहतं, १४४ ला जेमतेम ७, २४० ला ४ च्या आसपास. एमएस म्हणजे रिस्पॉन्स टाइम, एका पिक्सेलला एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला लागणारा वेळ. बसचं बघा ना, बस किती मिनिटांनी सुटते तो रिफ्रेश रेट, आणि स्टॉपवर माणसं चढाय-उतरायला जो वेळ लागतो तो रिस्पॉन्स टाइम. दर ७ मिनिटांनी बस सोडली पण चढाय-उतरायलाच १५ मिनिटं लागतायत तर मागची बस येऊन खोळंबणारच. स्क्रीनवर हा खोळंबा जुन्या चित्राची सावली नव्या चित्रात रेंगाळल्यासारखा दिसतो, त्यालाच घोस्टिंग म्हणतात.

आता तो १ एमएस. तो बहुतेक वेळा ग्रे टू ग्रे, म्हणजे एका करड्या छटेवरून दुसऱ्या करड्या छटेवर जायचा असतो, पण कुठल्या ग्रेपासून कुठल्या ग्रेपर्यंत हे बॉक्सवर कोण लिहितंय, सगळ्यात सोयीची उडी धरायची आणि तीही ओव्हरड्राइव्ह फुल करून. ओव्हरड्राइव्ह म्हणजे पिक्सेलला जास्तीचा व्होल्टेज देऊन पळवायचं, मग तो कधीकधी हव्या त्या छटेच्या पुढेच जातो आणि हलणाऱ्या वस्तूमागे उजळ कडा दिसते. माझ्या मॉनिटरला याच्या तीन लेव्हल आहेत, सगळ्यात वरची लावली की विंडो ओढताना तिच्यामागे पांढरट शेपूट येतं, म्हणून मधलीवरच ठेवलंय. काही ठिकाणी १ एमएसच्या पुढे एमपीआरटी लिहिलेलं असतं, ते तर माप वेगळंच, हलतं चित्र डोळ्यांसमोर किती वेळ राहतं त्याचं, त्यासाठी सहसा बॅकलाइट लुकलुकवतात आणि ब्राइटनेस पडतो.

बरं, रिस्पॉन्स टाइम शून्याच्या जवळ नेला की हर्ट्झ लागत नाही असंही नाही. ओलेड म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो ती स्क्रीन, तिचा पिक्सेल जवळजवळ लगेच बदलतो, तरी ६० हर्ट्झच्या ओलेडवर पेज स्क्रोल केलं तर अक्षरं पुसट होतातच, कारण डोळा सरकत राहतो आणि चित्र मात्र १६.७ मिलिसेकंद एकाच जागी थांबलेलं असतं.

गेमिंगवाल्यांनी एक गणित करावं. ६० वरून १४४ वर गेलात की प्रत्येक फ्रेममागे जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर गेलात की ३ सुद्धा नाही. आणि ग्राफिक्स कार्ड सेकंदाला ७० फ्रेमच काढत असेल तर २४० हर्ट्झ नुसतं मिरवायला.

"मी फक्त ऑफिसचं काम करतो, मला रिस्पॉन्स टाइम कशाला" हे मात्र मला पटत नाही. व्हीए पॅनलवर (एलसीडी स्क्रीनचा एक प्रकार, आयपीएस हा दुसरा) डार्क मोडमध्ये कोड एडिटर उघडा आणि भराभर स्क्रोल करा, काळ्यावरची करडी अक्षरं शाई फिसकटल्यासारखी होतात, थांबलात की परत नीट. बऱ्याच व्हीए पॅनलला काळ्यातून गडद करड्यात जायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि दिवसभर डार्क मोडमध्ये बसणाऱ्याला नेमकं तेच डोळ्यांसमोर येतं. गेममध्ये रात्रीचा सीन असेल तरच जाणवेल कदाचित.

तरी कामासाठी पैसे घालायचे तर आधी रेझोल्यूशनवर घालावेत. २७ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला ८२ पिक्सेल, अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. १४४०पी ला १०९ होतात, ४के ला १६३. काम आणि खेळ दोन्ही एकाच स्क्रीनवर असेल तर मी २७ इंची १४४०पी आयपीएस, १४४ किंवा जास्त हर्ट्झ, एवढंच बघीन आणि एमएसच्या रकान्याकडे ढुंकूनही बघणार नाही. ओलेड बघायला भारी, पण दिवसभर तोच टास्कबार एका जागी ठेवायचा तर बर्न-इनची, म्हणजे त्याचा डाग स्क्रीनवर कायमचा उमटायची धाकधूक कोण घेणार.

आणि नवा मॉनिटर लावलात की आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. १४४ चा मॉनिटर तिथे ६० वरच बसलेला सापडणं अगदी कॉमन आहे, मी स्वतः चार महिने तसाच वापरला आणि वर मित्रांना सांगत होतो, बघ किती स्मूद चालतोय.