पोलीस दलातील ऊर्जाबचत व पर्यावरणरक्षण (ग्रामीण विदर्भ)

ठाणी, दूरक्षेत्रे (ठाण्याच्या हद्दीतल्या लहान चौक्या), मुख्यालये, पोलीस वसाहती आणि वाहने यांना लागणारी वीज व इंधन कमी करणे म्हणजे पोलीस दलातील ऊर्जाबचत. पर्यावरणरक्षणात त्याखेरीज पाण्याचा वापर, झाडे आणि जप्त मालाची विल्हेवाट हे विषय येतात. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांपैकी नागपूर आणि अमरावती ही आयुक्तालयांची शहरे वगळली, तर बाकी मुलूख जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आहे. त्यात मेळघाटचे डोंगर आहेत, वऱ्हाडातली कापसाची काळी जमीन आहे, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, धानाच्या बांध्या आहेत आणि गडचिरोलीचे जंगलही. वऱ्हाडातल्या खामगावला जे जमते ते गडचिरोलीतल्या भामरागडला जमेलच असे नाही.

या विषयाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे : पोलीस ठाणे कधीच बंद होत नाही. राज्य शासनाच्या इतर कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. ठाण्याचा आठवडा मात्र पूर्ण १६८ तासांचा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा दिवा आणि डोक्यावरचा पंखा यांना सुट्टी नसते. म्हणून तहसील कार्यालयातल्या पंख्यावर जेवढी बचत होते, तिच्या चौपट त्याच पंख्यावर ठाण्यात होते. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, ब्रशविरहित मोटारीचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. उन्हाळ्यात तो चोवीस तास फिरला, तर एका पंख्यामागे रोज साधारण एक युनिट वाचते. दहा पंख्यांच्या ठाण्यात दहा युनिटे. युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर दिवसाला सात किलो. ही वीज दूरची नाही. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा, पारस ही सगळी विदर्भातच आहेत आणि त्यांची राख याच गावांच्या अंगणात पडते. विदर्भातल्या ठाण्याने वाचवलेले युनिट म्हणून वेगळे मोलाचे आहे.

थंडावा हा दुसरा मोठा खर्च. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी कोठडीत माणूस ठेवायचा आणि रात्रपाळीच्या अंमलदाराकडून नीट फिर्याद लिहून घ्यायची, तर गारवा ही चैन राहत नाही. विदर्भाचे उत्तर जुने आहे : वाळ्याच्या ताट्या आणि आता कूलर. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडते व उष्णता घेऊन जाते. पंखा आणि पंप मिळून कूलरला दोनशे वॅटच्या आसपास वीज पुरते, दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला ती सुमारे दीड हजार वॅट लागते. मात्र कूलर पाणी पितो, आणि टँकरवर तहान भागवणाऱ्या गावातल्या दूरक्षेत्राला ते परवडत नाही. जुन्या कौलारू पोलीस लाईनींचे उंच छप्पर, रुंद व्हरांडा आणि आडवे वारे यांचे महत्त्व अशा ठिकाणी कळते. काँक्रीटच्या सपाट छताच्या नव्या इमारतींनी हा शहाणपणा सोडला, ही खेदाची गोष्ट आहे. छतावर पांढरा चुना मारणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

वाहनांचे डिझेल हा ग्रामीण दलाचा खरा मोठा खर्च. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ठाण्याची हद्द मोठी, गावे विखुरलेली, म्हणून गाडी बाहेर पडणे टळत नाही. टाळता येते ते उगाच पडणे. बंदोबस्तात उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले, तर तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाते. सण-उत्सवांच्या मोसमात हा आकडा लॉगबुकात स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात २०२१ पासून चालणाऱ्या डायल ११२ यंत्रणेत कॉल सर्वांत जवळच्या गाडीला जातो. तिचा हेतू लवकर पोहोचण्याचा आहे, पण त्यात किलोमीटरही वाचतात. दुसरी बचत त्याहून जुनी आणि फारशी कोणी न मोजलेली आहे, ती पोलीस पाटलाची. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला हा माणूस गावातच असतो. धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात खरोखर गाडी लागते की दोन्ही पक्षांना सकाळी ठाण्यात बोलावून भागते, हे त्याच्या एका फोनवर ठरते. आरोपींची पेशी दूरदृश्य प्रणालीने झाली की कैदी पार्टीची, म्हणजे आरोपींना नेणाऱ्या पोलीस पथकाची, फेरी वाचते. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे, त्यावरून एका फेरीचा अंदाज यावा. विजेवरच्या वाहनांना मात्र इथे मर्यादा आहेत. राज्याच्या २०२१ च्या धोरणाचा भर मोठ्या शहरांवर होता, आणि कच्च्या रस्त्यावर रात्रभर गस्त घालणाऱ्या गाडीला वाटेत चार्जिंग मिळत नाही.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते ठाण्याचे आवार. विदर्भातल्या कोणत्याही जुन्या ठाण्यामागे गेले की जप्तीतल्या दुचाकींची रांग दिसते. टाकीवर पांढऱ्या ऑइलपेंटने गुन्हा क्रमांक आणि साल लिहिलेले, सीटचा स्पंज खारींनी ओढून नेलेला, चाके मातीत रुतलेली, भोवती तरोटा आणि गाजरगवत. रेतीच्या गुन्ह्यातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिंपळ उगवलेला असतो. हे नुसते भंगार नव्हे. बॅटरीतले शिसे व आम्ल आणि इंजिनातले जळके तेल पावसागणिक जमिनीत मुरते. त्याच आवारात बोअरवेल असते आणि बाजूच्या क्वार्टरांत पोलिसांची मुले खेळतात. टायरांत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो.

यावरचा मार्ग कायद्यात केव्हाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सांगितले, की जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावीत आणि बंधपत्रावर वाहन सोडावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने त्याला मुदत घातली : माल न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत त्याचे विवरण तयार करायचे, छायाचित्रण किंवा चित्रीकरण करायचे आणि विवरणानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. अडते ते पाठपुराव्यात. मूळ मालक सापडत नाही, विम्याचे कागद अपुरे असतात, आणि मुद्देमाल सांभाळणारा मोहरर बदलून गेला की नव्याला जुन्या नोंदी जुळवता जुळवता वर्ष जाते. ज्या ठाण्याचा ठाणेदार दर महिन्याला न्यायालयात अर्ज टाकत राहतो, त्याचे आवार मोकळे होते. शंभर रोपे लावण्यापेक्षा हे काम पर्यावरणासाठी मोठे आहे आणि त्याची दखल तशीच घेतली गेली पाहिजे.

दारूच्या मुद्देमालाचा प्रश्न विदर्भात विशेष आहे. वर्धा व गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, आणि चंद्रपूरमध्येही २०१५ ते २०२१ या काळात दारूबंदी होती. हातभट्टीवरच्या धाडीत मोहाचा सडवा ड्रमच्या ड्रम सापडतो आणि तो जागीच नष्ट केला जातो. सडवा म्हणजे आंबलेला सेंद्रिय माल. नाल्यात ओतला, तर तो कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि मासे मरतात. भट्ट्या बहुधा नाल्याकाठीच असल्याने तिथेच ओतून देण्याचा मोह होतो. पाण्यापासून दूर खड्डा करून मातीत जिरवणे हीच बरी रीत, त्यासाठी धाडीच्या सामानात एक फावडे आणि कुदळ लागते. काचेच्या बाटल्या रोडरोलरखाली चुरडल्यावर तो चुरा कुठे जातो, हेही पाहायला हवे. नायलॉन मांजाचे तेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, संक्रांतीच्या आधी रिळांचे ढीग जप्त होतात, पण उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो.

वृक्षारोपणात पोलीस उत्साहाने उतरतात. राज्याच्या २०१६ ते २०१९ च्या मोहिमेत, जिचे शेवटचे लक्ष्य ३३ कोटी रोपांचे होते, सगळी शासकीय खाती सामील होती. पाऊस संपल्यावर रोपांना पाणी कोण घालणार, हे ठरलेले असले तर ती जगतात.

सौरऊर्जेची खरी कसोटी गडचिरोलीत आहे. एक किलोवॅट पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट छत लागते आणि ते दिवसाला साधारण चार युनिटे देते. जिथे तार पोहोचते तिथे बिल कमी होते. जिथे तार पावसाळ्यात तुटते, तिथे सौर पॅनेल म्हणजे संपर्क. भामरागडला पर्लकोटेचा पूर रस्ता बंद करतो, जनरेटरचे डिझेल आधीच साठवावे लागते. बिनतारी संच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असल्याने छोट्या पॅनेलवरही तो जिवंत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावण्याचा आदेश दिला, तेव्हा जिथे वीज नाही तिथे सौर किंवा पवनऊर्जेसह कोणत्याही मार्गाने ती पुरवावी, असेही बजावले. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, पण शिशाच्या बॅटरीला नियमित शुद्ध पाणी लागते. ते वेळेवर घातले नाही तर दोन-तीन वर्षांत ती बसते आणि जनरेटर पुन्हा सुरू होतो. जिथे हे पाणी घालणे आणि पॅनेलवरची धूळ पुसणे स्टेशन डायरीत रोजच्या कामात लिहिले जाते, तिथली दूरक्षेत्रे पावसाळाभर अंधारात जात नाहीत.