रोबोटिक काढणी

रोबोटिक काढणी म्हणजे कॅमेऱ्याने पीक बघायचं, तयार झालंय का कच्चं आहे ते मशीननेच ठरवायचं आणि मग यांत्रिक हाताने तेवढंच तोडायचं. गव्हाचा हार्वेस्टर यात धरत नाहीत कारण तो समोर येईल ते सगळं कापत सुटतो. 2017 मध्ये इंग्लंडच्या हार्पर अ‍ॅडम्स युनिव्हर्सिटीत एक हेक्टर बार्ली माणसाने शेतात पाय न ठेवता पेरली आणि काढली, भारीच काम, पण निवडून तोडणं त्यातही नव्हतं.

खरी अडचण निवडण्यातच आहे. आपण ज्वारी काढतो, कापूस वेचतो, ऊस तोडतो, भुईमूग उपटतो, प्रत्येकाला वेगळं क्रियापद, आणि रोबोटवाल्यांनाही प्रत्येक पिकाला वेगळा हात बनवावा लागतो. सफरचंद व्हॅक्यूमने ओढून घेता येतं, ढोबळी मिरचीचा देठ कापावा लागतो, स्ट्रॉबेरीला तर नीट धरतासुद्धा येत नाही, डाग पडतो. शिवाय पानाआड लपलेलं फळ कॅमेऱ्याला दिसतच नाही, बाई पान बाजूला सारून बघते तसं मशीनला पटकन जमत नाही.

कल्पना जुनी आहे, संत्रावर्गीय फळं रोबोटने तोडता येतील असं अमेरिकेत शर्ट्झ आणि ब्राऊन यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलं होतं. पण युरोपातल्या स्वीपर या ढोबळी मिरचीच्या रोबोटला ग्रीनहाऊसमध्ये एक मिरची काढायला सरासरी 24 सेकंद लागले, आणि नेहमीसारख्या वाढलेल्या झाडांवर तो फक्त 18 टक्के मिरच्या काढू शकला. पानं आणि घोस विरळ करून झाडं रोबोटच्या सोयीची केल्यावर तेच 61 टक्के झालं. म्हणजे रोबोट तोच, बदललं ते झाड.

हेच कॅलिफोर्नियात टोमॅटोचं झालं होतं, तेव्हा तर रोबोटही नव्हता. डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत कोबी लोरेन्झन मशीन बनवत होते आणि जॅक हॅना त्या मशीनला झेपेल असा टोमॅटो, जाड सालीचा, एकदम पिकणारा, दणके सोसणारा. 1964 च्या शेवटी मेक्सिकोहून मजूर आणायची सरकारी योजना बंद झाली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथला प्रोसेसिंगचा जवळपास सगळा टोमॅटो मशीनने निघायला लागला. छोटे टोमॅटोवाले बाहेर पडले, हजारो मजुरांचं काम गेलं, सरकारी पैशावर हे संशोधन का केलं म्हणून 1979 मध्ये युनिव्हर्सिटीवर केससुद्धा झाली.

आता सफरचंदाच्या बागाही तशाच बदलतायत, बुटकी झाडं तारेवर सपाट भिंतीसारखी वाढवतात म्हणजे फळ समोर दिसतं. इस्राएलच्या टेव्हेल कंपनीने वायरला बांधलेले ड्रोन फळ तोडायला उडवले. अमेरिकेतल्या अबंडंट रोबोटिक्सच्या व्हॅक्यूमवाल्या मशीनने 2019 मध्ये न्यूझीलंडच्या बागेत खरंखुरं कमर्शियल काम केलं, आणि 2021 मध्ये कंपनी बंद पडली. या धंद्याचं गणित अवघडच, कारण मशीनने शंभरातली सत्तर फळं तोडली तरी उरलेल्या तीसांसाठी मजूर बोलवावेच लागतात, आणि मशीन मात्र सीझन संपला की वर्षभर शेडमध्ये.

आपल्याकडे ऊसतोडणीचं हार्वेस्टर आहे, ते रोबोट नाही, पण अट तीच, सरी चार-पाच फुटांची पाहिजे आणि शेवटाला वळायला जागा पाहिजे, नाहीतर कोयताच. कापसाचं अजून अवघड, बोंडं एकदम फुटत नाहीत म्हणून दोन-तीन वेचण्या कराव्या लागतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत दाट लागवडीवर, आटोपशीर वाढणाऱ्या झाडांवर काम चालू आहे, एकदम फुटणारं आणि कमी पसरणारं झाड मिळालं तर मशीनने वेचणं सोपं होईल. द्राक्षाला मात्र मांडव आयताच आहे, घड खाली लोंबतात, दिसतात, फक्त एक्स्पोर्टच्या मण्यांवरची लव, म्हणजे पांढुरका मेणचट थर, पुसली जाऊ नये म्हणून बाया घड देठाला धरूनच कात्रीने कापतात, मशीनलाही तसंच धरता आलं पाहिजे.