घटसर्पाचे विष आणि त्वचेवरचा जांभळा डाग

मुका मार लागल्यासारखा जांभळट डाग अंगावर उठतो, पण मार लागलेला नसतो. मुका मार हिरवा-पिवळा पडत दोन-तीन आठवड्यांत जिरतो. हा जिरत नाही, हाताला घट्ट लागू लागतो, शेजारी आणखी उठतात. क्वचित अशा डागामागे ‘ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक सेल निओप्लाझम’, म्हणजे बीपीडीसीएन, हा आजार निघतो. बहुतेक रुग्णांत तो आधी त्वचेवर दिसतो, म्हणून त्याला त्वचेचा कर्करोग समजतात. तसे नाही, हा रक्ताचा कर्करोग आहे. डाग कापून काढला तरी हाडांच्या मज्जेतल्या कर्कपेशी तशाच राहतात. स्टिरॉइडने डाग काही दिवस फिका पडू शकतो आणि निदान लांबते.

तपासणीसाठी डागाचा तुकडा खोल घ्यावा लागतो. कर्कपेशी आतल्या थरात दाटलेल्या असतात, बाह्यत्वचा बहुधा मोकळी. वरवर खरवडलेल्या नमुन्यात काहीच सापडत नाही, म्हणून पंच बायोप्सी, म्हणजे गोल पात्याने खोलवरचा तुकडा काढणे. मग पेशींवरच्या खुणा तपासतात: सीडी४, सीडी५६, सीडी१२३, टीसीएल१, टीसीएफ४ असायला हव्यात, सीडी३, सीडी२० आणि मायलोपेरॉक्सिडेज नकोत. नुसत्या सीडी४ आणि सीडी५६ वर विसंबू नये, त्वचेत उतरलेला मोनोसाइटी ल्युकेमिया हा दुसरा रक्ताचा कर्करोगही त्या दाखवतो. पुढे आजार कुठवर पसरला ते पाहायला मज्जा, पेट-सीटी स्कॅन आणि पाठीच्या कण्यातले पाणी तपासतात.

सीडी१२३ म्हणजे इंटरल्युकिन-३ या रेणूचा पेशीवरचा दरवाजा. या पेशींवर तो भरपूर असतो, आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅग्राक्सोफस्प हे औषध त्यातूनच आत शिरते. घटसर्पाच्या जंतूच्या विषाला पेशीला चिकटणारे स्वतःचे टोक असते. ते काढून तिथे इंटरल्युकिन-३ जोडले आहे. पेशी ओळखीचा रेणू समजून त्याला पिशवीत ओढून घेते. पिशवी आम्लधर्मी होते, फ्युरिन हे विकर विषाचे दोन भाग करते आणि मारक भाग पेशीद्रवात निसटतो. तिथे त्याचे लक्ष्य एकच: पेशीत प्रथिनांची साखळी पुढे सरकवणारा ईएफ-२ हा घटक. त्यावरच्या डिप्थॅमाइड नावाच्या एका जागी तो एडीपी-रायबोज हा छोटा रेणू चिकटवतो, प्रथिने बनणे थांबते, पेशी मरते. मारक भागाचा एकच रेणू पुरतो, कारण काम झाल्यावर तो खर्च होत नाही, पुढच्या ईएफ-२ कडे वळतो.

‘नेमका मारा, म्हणजे दुष्परिणाम नाहीत’ ही जाहिरातबाजी मात्र इथे जिवावर बेतते. केशवाहिन्या गळू लागतात, अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन आणि पाणी बाहेर झिरपते, रक्तदाब कोसळतो. म्हणून पहिल्या डोसआधी अल्ब्युमिन प्रति डेसिलिटर किमान ३.२ ग्रॅम हवे. डोस वजनाच्या प्रति किलो १२ मायक्रोग्रॅम, शिरेतून १५ मिनिटांत, २१ दिवसांच्या चक्रात पहिले पाच दिवस. पहिले चक्र रुग्णालयात राहूनच. मधेच अल्ब्युमिन ३.५ खाली गेले किंवा सुरुवातीपेक्षा ०.५ ने घसरले तर डोस थांबवून शिरेतून २५ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. रोज वजन करायचे: एका दिवसात दीड किलो वाढले, तर ते साचलेले पाणी समजायचे.

पाठीतल्या पाण्यात लपलेल्या पेशींसाठी केमोथेरपी थेट तिथेच टोचावी लागते. आजार आटोक्यात आला आणि प्रकृती झेपणारी असली, की दात्याच्या मूलपेशींचे प्रत्यारोपण लगेच करावे, कारण आजार उलटू शकतो. काही कर्कपेशी डिप्थॅमाइड घडवणारे डीपीएच१ जनुकच मुके करतात: दरवाजा उघडाच राहतो, विष आतही येते, पण चिकटायला जागा उरत नाही. प्रयोगशाळेत ॲझासायटिडीन या औषधाने ते जनुक पुन्हा बोलते करता आले, तेव्हा विष पुन्हा लागू पडले.