कृत्रिम पायाआधी खुंटाचा विचार

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये सुरू झालेल्या वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमुळे माणसांचे कृत्रिम अवयव पुणेकरांना नवे नाहीत. मुक्या प्राण्यांबाबत मात्र अजून कुतूहलच अधिक आहे. वाहनाखाली सापडल्यामुळे पाय गमावलेला एखादा कुत्रा टपरीभोवती तीन पायांवर हिंडताना दिसला, की याला चौथा पाय का बसवत नाहीत, असे कोणीतरी विचारतेच. खर्च हे त्याचे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे, पाय कोठून कापला यात दडलेले असते.

पशुवैद्य बहुधा पुढचा पाय खांद्यापासून आणि मागचा पाय मांडीच्या वरच्या भागातून काढतात. त्याला सबळ कारण आहे. खुंट लांब राहिला तर कुत्रा तो जमिनीवर टेकू पाहतो, खुंट घासून जखमा होतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची रोजची मलमपट्टी कोणी करत नाही. परंतु कृत्रिम पाय अडकवायला खुंट लागतोच. कोपराचा सांधा शाबूत असेल आणि त्याखालचे हाड साधारण निम्मे तरी उरले असेल, तरच सॉकेटला, म्हणजे खुंटावर बसणाऱ्या खोबणीला, पकड मिळते. म्हणून कृत्रिम पायाचा विचार असेल, तर तो शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलावा लागतो.

सॉकेटसाठी खुंटाचा प्लॅस्टरचा साचा घेतात किंवा त्रिमितीय स्कॅन करतात, त्या मापावर प्लॅस्टिकला आकार देतात, आत मऊ अस्तर लावतात आणि सारे वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधतात. खरी अडचण पुढे येते. कुत्र्याची कातडी सैल आणि केसाळ असल्याने सॉकेट सरकतो किंवा गोल फिरतो. माणूस ‘इथे टोचते आहे’ असे सांगतो. कुत्रा पट्टे चावतो, नाहीतर पाय उचलूनच धरतो. त्यामुळे सुरुवातीला काही मिनिटेच पाय घालायचा, वेळ हळूहळू वाढवायचा, रात्री तो काढायचा आणि कातडी लाल झाली आहे का हे रोज पाहायचे, एवढी शिस्त मालकाला बाळगावी लागते. पुण्याच्या पावसाळ्यात ओले अस्तर तसेच राहिले, तर कातडी सोलवटायला वेळ लागत नाही.

ही यातायात प्रत्येक प्राण्यासाठी करावी, असे नाही. कुत्रा शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतो, त्यामुळे मागचा पाय गेलेला तरुण, हलका कुत्रा सहज सावरतो. त्याला पाय बसवण्यात मालकाच्या समाधानाचाच वाटा मोठा असतो, असे मला वाटते. थोराड, वयस्क किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी, कारण उरलेल्या पायांवरचा जादा भार त्याला सोसत नाही.

प्राणी जितका जड, तितकी ही निकड वाढते. थायलंडमधील मोशा या हत्तिणीचा पुढचा पाय २००६ मध्ये, ती अवघ्या सात महिन्यांची असताना, भूसुरुंगाने उडाला. माणसांचे कृत्रिम पाय बनवणारे अस्थिरोगतज्ज्ञ तेर्दचाई जिवकेत यांनी तिला पाय करून दिला. मात्र वाढत्या वजनाबरोबर तो पुनःपुन्हा नव्याने करावा लागला, आणि मोशा पुढे दोन टनांच्या वर गेली.

सॉकेट टाळण्याचाही एक मार्ग आहे. २००९ मध्ये जर्सी बेटावर कापणीयंत्रात मागची दोन्ही पावले गमावलेल्या ऑस्कर या मांजराच्या घोट्यांच्या हाडांत ब्रिटनमध्ये काम करणारे आयरिश पशुशल्यविशारद नोएल फिट्झपॅट्रिक यांनी धातूच्या खुंट्या थेट बसवल्या आणि त्यांवर पावले जोडली. हरणाची शिंगे कातडी भेदून बाहेर येतात, तरी तेथे जंतुसंसर्ग होत नाही. त्या जोडाची नक्कल करून खुंट्यांभोवती कातडी घट्ट धरेल, अशी रचना केली होती. धातू आणि कातडी जेथे भेटतात, तेथून जंतू आत शिरण्याचा धोका असल्याने ही शस्त्रक्रिया अजून विरळाच होते, आणि खुंटी रोवण्यापुरते निरोगी हाड तिलाही लागतेच.